इंजिनाची सुरक्षित फेरेमर्यादा आणि घाटरस्ता : ओझर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

मोटार वाहनाच्या संदर्भात 'वेग' हा एकच शब्द दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो. एक म्हणजे रस्त्यावरील वाहनाचा वेग आणि दुसरा म्हणजे इंजिनाची प्रतिमिनिट फेऱ्यांत मोजली जाणारी गती. पहिल्या वेगाची मर्यादा कायद्याने ठरविली, तर दुसऱ्याची यंत्रनिर्मात्याने. या दोन मर्यादांचा इतिहास स्वतंत्रपणे घडला आणि पुढे गतिनियंत्रकाच्या रूपाने तो एकत्र आला. मात्र घाटाच्या उतारावर दोन्ही नियंत्रणे निष्प्रभ ठरतात व संपूर्ण जबाबदारी चालकावर येते. ओझर हे विमाननिर्मितीचे केंद्र ज्या मुंबई–आग्रा महामार्गावर वसले आहे, त्या मार्गाच्या संदर्भात या इतिहासाचा आढावा प्रस्तुत शोधनिबंधात घेण्यात आला आहे.

बीजसंज्ञा : फेरेमर्यादा, गतिनियंत्रक, डिझेल इंजिन, मोटार वाहन कायदा, कसारा घाट, ओझर.

१. प्रस्तावना

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील ओझर हे गाव मुंबई–आग्रा महामार्गावर नाशिक शहरापासून सुमारे २० किलोमीटर अंतरावर वसलेले आहे. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ म्हणून परिचित असलेल्या या रस्त्याचा नाशिक–धुळे हा भाग नव्या क्रमांकपद्धतीनुसार राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६० म्हणून ओळखला जातो. १९६४ साली येथे मिग-२१ या लढाऊ विमानाच्या निर्मितीसाठी कारखाना स्थापन झाला आणि पंचक्रोशीत गावाची ओळखच 'ओझर मिग' अशी रूढ झाली. एका बाजूस अत्यंत काटेकोर मोजमापावर चालणारी विमाननिर्मिती आणि दुसऱ्या बाजूस अहोरात्र वाहणारी ट्रकांची रांग, असे दुहेरी चित्र या गावाने गेली सहा दशके पाहिले आहे.

ओझर स्वतः पठारावर आहे. परंतु येथून जाणाऱ्या मालवाहू वाहनाला मुंबई गाठण्यासाठी कसारा घाट, म्हणजेच जुना थळ घाट, उतरावा लागतो आणि धुळ्याकडे जाताना चांदवडनजीकचा राहुड घाट ओलांडावा लागतो. त्यामुळे दोन घाटांमधील ठिकाण या दृष्टीने ओझरकडे पाहणे उपयुक्त ठरते. घाटात अपघात झाल्यानंतर 'ब्रेक निकामी झाल्याने' किंवा 'चालकाचे नियंत्रण सुटल्याने' ही दोन कारणे वारंवार वाचनात येतात. ती खोटी असतात असे नाही. परंतु ती शेवटच्या क्षणाचे वर्णन करतात. त्या क्षणापूर्वी इंजिन, गिअर व वेग यांचे नाते कसे बिघडले, याचा उलगडा त्यांतून होत नाही. हे नाते समजून घेण्यासाठी इंजिनाच्या फेरेमर्यादेचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

(अ) इंजिनाच्या सुरक्षित फेरेमर्यादेची संकल्पना स्पष्ट करणे.
(आ) गतिनियंत्रकाच्या विकासाचा व महाराष्ट्रातील डिझेल वाहतुकीच्या वाढीचा आढावा घेणे.
(इ) भारतीय मोटार वाहन कायद्यांतील वेगविषयक तरतुदींचे स्वरूप तपासणे.
(ई) घाटरस्त्यावरील फेरेमर्यादेच्या प्रश्नाचे विश्लेषण करणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे. विवेचनातील काही गणिते केवळ तत्त्व स्पष्ट करण्यासाठी उदाहरणादाखल दिली असून ती कोणत्याही विशिष्ट वाहनाची नाहीत.

३. फेरेमर्यादा म्हणजे काय?

इंजिनाचा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, एका मिनिटात जितके फेरे घेतो ती त्या इंजिनाची गती होय. कारागिरांच्या बोलीत तिला 'आरपीएम' म्हणतात. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर व एकदा खाली जातो. दोन्ही टोकांना तो क्षणभर थांबतो आणि दिशा बदलतो. ही दिशा बदलताना पिस्टन व कनेक्टिंग रॉड यांच्यावर जो जडत्वाचा ताण येतो, तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे २,४०० फेऱ्यांसाठी बनविलेले इंजिन २,८०० फेऱ्यांनी फिरविले तर गती सुमारे १७ टक्क्यांनी वाढते. परंतु ताण मात्र सुमारे ३६ टक्क्यांनी वाढतो. चालकाच्या कानाला आवाजातील फरक किरकोळ वाटतो. धातूला मात्र तो किरकोळ नसतो.

दुसरा निकष पिस्टनच्या सरासरी वेगाचा आहे. १२० मिलिमीटर लांबीचा स्ट्रोक असलेल्या इंजिनात २,४०० फेऱ्यांना हा वेग सेकंदाला ९.६ मीटर इतका असतो. ३,००० फेऱ्यांना तो १२ मीटर होतो. वेग वाढला की सिलिंडरची झीज व वंगणावरील भार वाढतो. तिसरी बाब व्हॉल्व्हची. व्हॉल्व्ह बंद करण्याचे काम स्प्रिंग करते. फेरे मर्यादेबाहेर गेल्यास स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेत बसविता येत नाही. तो अधांतरी राहतो आणि वर येणारा पिस्टन त्यावर आदळण्याचा धोका निर्माण होतो.

यावरून असे दिसून येते की फेरेमर्यादा हा निर्मात्याने घातलेला स्वैर निर्बंध नसून धातू, स्प्रिंग व वंगण यांच्या सहनशक्तीचा तो हिशेब असतो. रस्त्यावरील वेगमर्यादा मात्र वेगळ्या विचारातून येते. तिचा संबंध पादचारी, वळण, दृष्टीचा टप्पा आणि थांबण्यास लागणारे अंतर यांच्याशी असतो. एखादे वाहन ताशी २० किलोमीटर या अगदी सावकाश वेगाने जात असतानाही चुकीच्या गिअरमुळे त्याचे इंजिन फेरेमर्यादा ओलांडू शकते. याउलट ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारे वाहन इंजिनाच्या दृष्टीने पूर्ण सुरक्षित पण रस्त्याच्या दृष्टीने घातक असू शकते. दोन्ही मर्यादांना जोडणारा दुवा एकच आहे व तो म्हणजे गिअर.

४. गतिनियंत्रकाचा ऐतिहासिक विकास

यंत्राने स्वतःची गती स्वतःच आवरावी, ही कल्पना वाफेच्या इंजिनाइतकी जुनी आहे. पवनचक्क्यांत वापरल्या जाणाऱ्या युक्तीच्या आधारे जेम्स वॅट याने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला केंद्रोत्सारी गतिनियंत्रक जोडला. फिरत्या दांड्याला लावलेले दोन गोळे गती वाढताच बाहेर फाकतात आणि वाफेचा मार्ग अरुंद करतात, असे त्याचे साधे तत्त्व होते. १८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने या यंत्रणेचे गणिती विवेचन प्रसिद्ध केले. नियंत्रणशास्त्र या पुढे विस्तारलेल्या ज्ञानशाखेचा पाया म्हणून त्या निबंधाकडे पाहिले जाते.

डिझेल इंजिनाच्या बाबतीत गतिनियंत्रक अपरिहार्य ठरला. रुडॉल्फ डिझेल याचे इंजिन १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे यशस्वी ठरले. पेट्रोल इंजिनात आत येणाऱ्या हवेच्या मार्गावर झडप असते. ती मिटली की इंजिन मंदावते. पारंपरिक डिझेल इंजिनात अशी झडप नसते. हवा पूर्ण भरते आणि शक्ती किती मिळावी हे केवळ फवारलेल्या इंधनाच्या प्रमाणावर ठरते. अशा इंजिनावरील भार एकाएकी कमी झाला आणि इंधन मात्र तेवढेच राहिले, तर फेरे वाढत जातात आणि इंजिन स्वतःचाच नाश ओढवून घेऊ शकते. म्हणून इंधनपंपालाच गतिनियंत्रक जोडला जातो. १९२७ मध्ये बॉश कंपनीने डिझेल इंधनपंपाचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन सुरू केले आणि डिझेल इंजिन मालमोटारीत रुळण्याचा मार्ग मोकळा झाला.

या पंपातील गतिनियंत्रकाची रचना वॅटच्या गोळ्यांचीच आठवण करून देते. पंपाच्या दांड्यावरील वजने फेरे वाढताच स्प्रिंगच्या विरोधात फाकतात व इंधनाचे प्रमाण ठरविणारी दांडी, म्हणजे 'रॅक', मागे ओढतात. कमाल मर्यादा ठरविणारा स्क्रू निर्मात्याकडून बसवून त्यावर सील लावले जाते. ते सील तोडून स्क्रू फिरविला की गाडी 'जास्त ओढते' असा अनुभव येतो; परंतु वर पाहिलेला धातूचा हिशेब त्या क्षणी मोडला जातो. गतिनियंत्रकाच्या इतिहासात म्हणूनच यंत्राइतकेच महत्त्व त्या सीलला आहे.

५. महाराष्ट्रातील डिझेल इंजिन : शेतमळ्यापासून महामार्गापर्यंत

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला गतिनियंत्रकाचा परिचय प्रथम ट्रकमधून नव्हे, तर विहिरीवरील इंजिनातून मोठ्या प्रमाणावर झाला. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. पाणी उपसणाऱ्या इंजिनाने ठरावीक फेऱ्यांनी, बहुधा मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी, दिवसभर एकसारखे चालावे अशी अपेक्षा असते. पट्टा निसटला तरी इंजिन 'पळू' नये, ही काळजी गतिनियंत्रक घेतो. अशा स्थिर इंजिनाच्या बाबतीत माणसाला फारसे काही ठरवावे लागत नाही.

रस्त्यावरील डिझेल इंजिनाचे तसे नव्हते. १९५४ मध्ये टेल्को व डाइमलर-बेंझ यांच्यात करार होऊन जमशेदपूर येथे टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रकांची निर्मिती सुरू झाली. हा करार १९६९ पर्यंत होता. त्याच काळात टेल्कोचा पुणे येथील प्रकल्प आकाराला आला. १९६६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेमुळे वाहनचाचणीचे केंद्रही महाराष्ट्रातच आले. नाशिकचा वाटा इंधन फवारणीच्या क्षेत्रात होता. सातपूर येथील मोटर इंडस्ट्रीज कंपनीचा, म्हणजेच 'मायको'चा, कारखाना डिझेल इंजिनाच्या नोझलसाठी ओळखला जाऊ लागला. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले, तरी नाशिककरांच्या तोंडी 'मायको सर्कल' हे चौकाचे नाव कायम राहिले.

अशा रीतीने मुंबई–आग्रा मार्गावर धावणाऱ्या ट्रकाच्या इंजिनात फेरेमर्यादेची यंत्रणा सुरुवातीपासूनच होती. ती पंपाच्या पोटात असल्यामुळे चालकाला दिसत नव्हती. तसेच दीर्घकाळ बहुतेक ट्रकांच्या दर्शनी फलकावर वेगमापक असे, परंतु फेरेमापक नसे. इंजिनाच्या आवाजावरून, पायाखालच्या थरथरीवरून फेरे ओळखण्याचे ज्ञान चालक आपल्या उस्तादाकडून क्लीनर असतानाच मिळवीत असे. हे ज्ञान मौल्यवान होते, परंतु ते लिखित नव्हते व परवान्याच्या परीक्षेत मोजले जात नव्हते.

६. कायद्यातील वेग

मोटार वाहन कायद्यांनी प्रारंभापासून रस्त्यावरील वेगाचाच विचार केला. इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने यांत्रिक वाहनांना गावाबाहेर ताशी ४ मैल व गावात ताशी २ मैल अशी मर्यादा घातली होती; १९०३ च्या कायद्याने ती ताशी २० मैलांपर्यंत नेली. भारतात १९१४ चा मोटार वाहन कायदा, त्यानंतर १९३९ चा आणि पुढे १ जुलै १९८९ पासून अंमलात आलेला १९८८ चा कायदा असा क्रम आहे. १९३९ च्या कायद्याचे कलम ७१ व १९८८ च्या कायद्याचे कलम ११२ ही वेगमर्यादेविषयी आहेत. इंजिनाचे फेरे हा मालकाच्या यंत्राचा प्रश्न आणि वाहनाचा वेग हा सार्वजनिक प्रश्न, अशी विभागणी त्यामागे दिसते. ती तत्कालीन परिस्थितीत स्वाभाविक होती.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११८ ने या दोन प्रवाहांना प्रथमच जवळ आणले. या नियमानुसार राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या परिवहन वाहनांना गतिनियंत्रक बसविणे आणि त्यावर शासकीय सील लावणे अपेक्षित होते. अशा प्रकारे निर्मात्याच्या सीलशेजारी शासनाचे सील आले. मात्र या नियमाच्या मूळ मसुद्यातील एक अपवाद अभ्यासकांनी विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. निश्चित केलेल्या कमाल वेगापेक्षा अधिक वेगाने वाहन चालविताच येऊ नये अशा रीतीने गतिनियंत्रक बसवावा, असे सांगताना नियमाने उतारावरील प्रवासाचा अपवाद केला होता. म्हणजे उतारावर वाहन मर्यादेबाहेर जाऊ शकते, हे कायद्याने स्वतःच मान्य केले होते.

पुढील काळात गतिनियंत्रकाची सक्ती टप्प्याटप्प्याने वाढत गेली. २० नोव्हेंबर १९९७ रोजी एम. सी. मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील जड व मध्यम परिवहन वाहनांसाठी ताशी ४० किलोमीटरची मर्यादा पाळणारे नियंत्रक बंधनकारक करणारा आदेश दिला. २०१५ च्या दुरुस्तीने १ ऑक्टोबर २०१५ पासून निर्माण होणाऱ्या परिवहन वाहनांना, काही वर्ग वगळून, ताशी ८० किलोमीटर कमाल वेगाचे नियंत्रक आवश्यक ठरविले. डंपर, टँकर, शालेय बस व घातक माल वाहणारी वाहने यांच्यासाठी ही मर्यादा ताशी ६० किलोमीटर ठेवण्यात आली. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांनंतर नव्या इंजिनांतील इंधनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक झाले व फाकणाऱ्या वजनांची जागा संगणकीय नियंत्रकाने घेतली. साधन बदलले; परंतु त्याचे काम इंधन तोडण्याचेच राहिले.

७. घाटातील प्रश्न

इंधन तोडणे हा गतिनियंत्रकाचा एकमेव उपाय आहे. सपाट रस्त्यावर तो पुरेसा असतो, कारण तेथे इंजिन चाकांना फिरविते. उतारावर हे नाते उलटे होते. वाहनाचे वजन चाकांना फिरविते आणि चाके, गिअरमार्फत, इंजिनाला फिरवितात. गतिनियंत्रकाने इंधन पूर्ण बंद केले तरी फेरे वाढतच राहू शकतात. उताराचा अपवाद हा कायद्याच्या मसुद्यातील ढिलाईमुळे आलेला नसून तो यंत्रशास्त्रातील वस्तुस्थितीचा स्वीकार होता, हे येथे स्पष्ट होते.

या प्रश्नाचे परिमाण समजण्यासाठी एक उदाहरण घेता येईल. एकूण १६ टन वजनाचे वाहन २० मीटरला १ मीटर अशा उतारावरून ताशी ३० किलोमीटर या स्थिर वेगाने उतरविण्यासाठी सुमारे ६५ किलोवॅट, म्हणजे जवळपास ८७ अश्वशक्ती, इतकी ऊर्जा सतत शोषून घ्यावी लागते. चढताना इंजिनाने जे काम करावयाचे, तेच उतरताना कोणीतरी उलट दिशेने करावे लागते. योग्य खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा अंतर्गत विरोध यातील बराच भार उचलतो. एक्झॉस्ट ब्रेक असल्यास हा विरोध आणखी वाढतो. गिअर न्यूट्रलमध्ये असेल तर जवळजवळ सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेकचे लायनिंग तापते, घर्षण कमी होते आणि पाय पूर्ण दाबूनही वाहन आवरत नाही. यालाच पुढे 'ब्रेक निकामी झाले' असे म्हटले जाते. वस्तुतः अनेकदा ब्रेक तुटलेले नसतात, तर ते त्यांच्या शक्तीपलीकडे वापरलेले असतात.

उतारावर गिअर न्यूट्रल ठेवण्यामागे डिझेल वाचविण्याची भावना असते. फेरीच्या हिशेबात डिझेलचा वाटा मोठा असल्याने ही भावना समजण्यासारखी आहे. परंतु तीव्र घाटात ती चुकीच्या समजुतीवर आधारलेली आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन मंद गतीने चालू राहते व त्यासाठी डिझेल जळतच असते. याउलट वाहन गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर वाढलेले फेरे ओळखून गतिनियंत्रक इंधन तोडतो. म्हणजे घाट उतरताना गिअरमधील इंजिन कमी डिझेल घेते व ब्रेकलाही साहाय्य करते. एअर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसरही इंजिनावरच चालत असल्याने न्यूट्रलमध्ये हवा सावकाश भरते, हा आणखी एक तोटा होय. काही राज्यांच्या मोटार वाहन नियमांत उतारावर न्यूट्रल वापरण्यास मनाई आढळते. मनाई सांगितली गेली, पण तिचे कारण चालकापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था दुबळी राहिली.

सर्वांत कठीण प्रसंग उताराच्या मध्यावर येतो. समजा, एखाद्या वाहनाचा दुसरा गिअर २,४०० फेऱ्यांना ताशी २० किलोमीटर वेग देतो. वाहन ताशी ३५ किलोमीटरवर गेल्यानंतर चालकाने तोच गिअर टाकला, तर इंजिनाला ४,२०० फेरे घ्यावे लागतील आणि जडत्वाचा ताण तिपटीहून अधिक होईल. बहुतेक वेळा जुन्या धाटणीच्या गिअरबॉक्समध्ये तो गिअर पडतच नाही. वरचा गिअर निघालेला व खालचा न पडलेला, अशा अवस्थेत वाहन न्यूट्रलमध्ये सापडते. म्हणून गिअरचा निर्णय घाटाच्या माथ्यावरच घ्यावा लागतो. जो गिअर चढाला लागतो तोच उताराला वापरावा, हा चालकांमधील जुना दंडक या सर्व गणिताचे सार आहे.

याच घाटातील लोहमार्गाचा इतिहास या संदर्भात उद्बोधक ठरतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने थळ घाटातील मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी इगतपुरीपर्यंत खुला केला. त्याचा चढ ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र आहे. आजही कसारा येथून वर जाणाऱ्या गाड्यांना जादा इंजिने जोडली जातात. घाटातील उतारासाठी रेल्वेने वेगाचे बंधन, ब्रेकची तपासणी आणि अनावर झालेली गाडी वळवून घेणारे कॅच साइडिंग, अशी व्यवस्था उभी केली. तेथे उताराचा धोका संपूर्ण व्यवस्थेचा मानला गेला. शेजारच्या रस्त्यावर मात्र तोच धोका एकट्या चालकाचा राहिला. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि सुमारे ८ किलोमीटर लांबीच्या बोगद्यामुळे कसारा घाट टाळणारा पर्याय उपलब्ध झाला. रस्त्याच्या रचनेतून उताराचा प्रश्न सौम्य करण्याचा हा प्रयत्न स्वागतार्ह आहे. परंतु जुन्या घाटातून जाणारी वाहने त्यामुळे संपत नाहीत.

८. ओझर : महामार्गाच्या दोन बाजू

ऑगस्ट १९६३ मध्ये मिग प्रकल्पासाठी एरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड ही शासकीय कंपनी स्थापन झाली व १ ऑक्टोबर १९६४ रोजी तिचे विलीनीकरण होऊन हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड अस्तित्वात आली. यशवंतराव चव्हाण त्या वेळी संरक्षणमंत्री होते व १९६३ मध्ये ते नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. पुढे ओझरला मिग-२७ व २००४ पासून सुखोई-३० विमानांची निर्मिती झाली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ भारतीय हवाई दलातून निवृत्त झाले. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझर येथे तेजस मार्क-१ए विमानाने उड्डाण केले.

या विमानविद्येत फेरेमर्यादेला मध्यवर्ती स्थान आहे. मिग-२१ च्या वैमानिकासमोर इंजिनाचे फेरे पूर्ण गतीच्या टक्क्यांत दाखविणारी तबकडी असे. जेट इंजिनाची टर्बाइन मर्यादेबाहेर फिरली तर तिची चकती फुटण्याचा धोका असतो. म्हणून मर्यादेचे उल्लंघन झाल्यास त्याची नोंद होते, इंजिन तपासले जाते आणि किती तास चालल्यावर ते उघडावे हेही ठरलेले असते. येथे मर्यादा, मोजमाप, नोंद व प्रशिक्षण ही चारही अंगे एकत्र नांदतात. वैमानिकाला मर्यादा सांगितली जाते, ती दाखविणारे साधन दिले जाते आणि तिचे कारणही शिकविले जाते.

कारखान्यासमोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचालकाच्या वाट्याला दीर्घकाळ यांपैकी केवळ पहिले अंग, तेही सीलबंद स्वरूपात, आले. विमान व ट्रक यांची तुलना खर्च व जोखीम या दृष्टीने समान पातळीवर करता येणार नाही, हे मान्य करावे लागेल. तथापि, फेरेमापकाची तबकडी आणि घाटाच्या माथ्यावरील एका तासाचे प्रशिक्षण यांसाठी लढाऊ विमानाइतका खर्च लागत नाही. हा फरक तंत्रज्ञानाच्या अभावापेक्षा कोणाच्या कामाला 'कौशल्य' मानले गेले आणि कोणाच्या कामाला केवळ 'मजुरी' मानले गेले, याच्याशी अधिक निगडित आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

९. निष्कर्ष

१) इंजिनाची फेरेमर्यादा व वाहनाची वेगमर्यादा या दोन स्वतंत्र संकल्पना असून त्यांना जोडणारा दुवा गिअर हा आहे. 'वेग' या एकाच शब्दामुळे त्यांच्यातील भेद लोकव्यवहारात व धोरणातही पुसट झाला.

२) गतिनियंत्रकाच्या इतिहासात साधन वाफेवरून डिझेलकडे आणि वजनांवरून संगणकीय नियंत्रणाकडे गेले, परंतु त्याचे कार्य शक्तीचा पुरवठा तोडण्यापुरतेच राहिले. त्यामुळे उतारावरील मर्यादाभंग ते रोखू शकत नाही.

३) १९८९ च्या नियमातील उताराचा अपवाद ही या मर्यादेची कायदेशीर कबुली होती. नियंत्रणाची सक्ती वाढत गेली, पण अपवादाच्या जागी कोणती व्यवस्था उभी करावयाची याचा विचार त्या प्रमाणात झाला नाही. ती रिकामी जागा चालकाच्या अनुभवाने भरून काढली.

४) फेरेमापकाचे वाचन, घाटापूर्वी गिअरची निवड आणि न्यूट्रलमुळे घाटात डिझेल वाचत नाही याचे सप्रमाण ज्ञान, या बाबींचा जड वाहनांच्या परवाना-प्रशिक्षणात ठळकपणे समावेश होणे आवश्यक आहे. रेल्वेप्रमाणे घाटाच्या माथ्यावर सक्तीचा तपासणी-थांबा हाही विचारार्ह उपाय होय.

५) घाटातील अपघाताचे कारण नोंदविताना 'ब्रेक निकामी' एवढ्यावर न थांबता वाहन कोणत्या गिअरमध्ये होते, याची नोंद झाल्यास दोषनिश्चिती अधिक न्याय्य होईल. अनेकदा मरण पावलेल्या चालकावरच सर्व दोष टाकून प्रकरण मिटते. ज्या मर्यादेचे कारण त्याला कधी सांगितले गेले नाही व जी मोजण्याचे साधन त्याच्यासमोर नव्हते, तिच्या उल्लंघनाबद्दल त्याला एकट्याला जबाबदार धरणे कितपत योग्य, हा प्रश्न अभियांत्रिकीचा तसाच सामाजिक न्यायाचाही आहे. ओझरच्या महामार्गाने गेल्या सहा दशकांत हा प्रश्न दररोज आपल्यासमोरून जाताना पाहिला आहे.